आईला पुण्याला आणू, बेळगावातच बाई ठेवू, की आश्रम बघू?

शहापूरची_लेक
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय कारण घरात बोलून बोलून सगळे दमलोय.

आई ७८ वर्षांची, बेळगावात शहापूरला आमच्या जुन्या घरात एकटी असते. बीपी-शुगर गोळ्यांवर आटोक्यात आहे, डोकं एकदम शाबूत, पण मागच्या पावसाळ्यात परसातल्या न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. अंघोळीला आणि रात्री उठायला मात्र कुणीतरी लागतं. सध्या शेजारच्या काकू आणि धुणंभांडीवाली यांच्यावर निभावतंय, पण काकूंना तरी किती दिवस अडकवून ठेवायचं.

मी पुण्यात, आम्ही दोघं नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, दिवसभर घर बंद. भाऊ बेंगळूरला. तो म्हणतो घर विकू आणि चांगल्या सिनियर लिव्हिंगमध्ये, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत, ठेवू. वहिनी म्हणते आश्रम-बिश्रम नको, चोवीस तासांची बाई ठेवू. आई म्हणते मला हलवू नका, आणि हलवायचंच झालं तर लेकीकडं नको, लोक काय म्हणतील.

तुमच्याकडं कुणी काय केलं? बेळगावात राहती बाई मिळते का, टिकते का? आश्रम बघायला गेलं तर नेमकं काय बघायचं? घर विकावं का? काहीही सांगा, सगळं उपयोगी पडेल.

अनगोळ_नाका
वाचतोय. आमच्याकडं पण हीच वेळ यायलीय.

येळ्ळूरकर
ताई, राहत्या बाईबद्दल सांगतो, वडलांसाठी आम्ही हेच केलं.

पहिली गोष्ट, "चोवीस तासांची एक बाई" असं काही नसतं हो. माणूसच आहे ते, झोपणार की नाही? वडील रात्री तीन-चारदा उठायचे, सांभाळायला ठेवलेला मामा दिवसभर पण त्यांच्याच मागं, पंधरवड्यात तो मामा आजारी पडला. मग दिवसाला एक, रात्रीला एक असे दोघं ठेवले, आणि खर्च सरळ दुप्पट झाला. वहिनींना हे आधी सांगा, कारण एका पगाराचा हिशेब धरून सगळे हो म्हणतात आणि दुसरा पगार आला की भाऊ-बहिणींत फोनाफोनी सुरू होते.

दुसरं, सुट्ट्या. गावची जत्रा, दिवाळी, सुगी, घरात लग्न. त्या दिवसांत कोण येणार हे ठेवायच्या आधीच ठरवायचं. एजन्सीकडून घेतलं तर बदली माणूस मिळतो पण तो नवीन असतो, त्याला औषधं कुठं, चहात साखर किती, सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आम्ही एका वहीत सगळं लिहून भिंतीला टांगलं होतं, मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक. आधार कार्डाची झेरॉक्स घ्या, पोलिसांकडं कळवा, आणि सोनं-नाणं लॉकरमध्ये टाका. संशय म्हणून नाही, उद्या एखादी बांगडी सापडली नाही तर त्या बाईवर आळ नको म्हणून.

तिसरं म्हणजे लांब बसून बाई सांभाळता येत नाही. गावात एक तरी घरचं माणूस पाहिजे जे कधीही न सांगता डोकावेल. आमच्याकडं आत्या होत्या. तुमच्याकडं कोण आहे?

माहेर_खानापूर
पुण्याला नेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नेऊ नका. निदान त्यांची इच्छा नसताना तर नकोच. सासूबाईंना आम्ही खानापूरहून पुण्याला आणलं. खानापुरात त्या सकाळी कट्ट्यावर बसल्या की गल्लीतल्या दहा बायका बोलून जायच्या. इथं लिफ्टमधले लोक हॅलो पण म्हणत नाहीत. सकाळी साडेआठला आम्ही बाहेर, संध्याकाळी सात वाजता घरात. टीव्ही आणि त्या. सहा महिन्यांत जेवण निम्म्यावर आलं. तिथं हातपाय चालत होते ते इथं बसून बसून आखडले.

शेवटी परत खानापूरला नेलं, खालच्या खोलीत एक नर्सिंग शिकणारी मुलगी कमी भाड्यात ठेवली, रात्रीची सोबत म्हणून. दिवसा कामवाली. आता बरं चाललंय.

निपाणीचा_पोर
@माहेर_खानापूर, सरसकट नको म्हणू नका हो. आमची आजी पुण्यात मस्त रमली. फरक एवढाच की आई घरी असायची आणि सोसायटीत भजनी मंडळ होतं. घरात दिवसा माणूस असेल तर शहर वाईट नाही. कुलूप लावून जायचं असेल तर मात्र शंभर टक्के सहमत.

फिजिओ_टिळकवाडी
शहापूरची_लेक, मी फिजिओथेरपिस्ट आहे, खुब्याचे पेशंट रोज बघते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी हे बघा की आईला नेमकी कशाकशाला मदत लागते. आम्ही सहा गोष्टी विचारतो: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हातानं जेवणं. तुमच्या लिहिण्यावरून आईची मदत अंघोळ आणि रात्रीचं उठणं इथंच थांबतेय. म्हणजे त्यांना चोवीस तास नर्सिंग लागत नाहीय. सकाळचे दोन तास आणि पूर्ण रात्र, एवढीच खरी गरज आहे. हे कागदावर मांडलं की निम्मी भांडणं मिटतात, कारण भाऊ "आई आता परावलंबी झाली" असं धरून चाललेत आणि आई "मला काही झालं नाही" असं धरून चालल्यात.

खुब्याच्या ऑपरेशननंतर सुधारणा सहा महिने, कधी वर्षभर होत राहते, पण व्यायाम केला तर. मांड्यांची ताकद आली तर वॉकरवरून काठीवर येता येतं. आत्ताच घर विकण्यासारखा परत न फिरवता येणारा निर्णय घेऊ नका.

आणि घर बदला! म्हणजे तेच घर, पण आतून. परसातली न्हाणी बंद करा, माजघराला लागून कमोड आणि अंघोळीची सोय करा. भिंतीत धरायला स्टीलचे दांडे, घट्ट ठोकलेले, टॉवेल अडकवायचा दांडा चालत नाही, तो हातात येतो. खरखरीत फरशी, प्लास्टिकचं स्टूल, हँड शॉवर. उंबऱ्याला उतार करून घ्या. पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाका. पलंगापासून संडासपर्यंत रात्रभर मंद दिवा. आपल्याकडं आषाढात आठवडाभर फरशी वाळत नाही, त्यात पाय सरकायला काही लागत नाही. डोळ्यांची तपासणी करा, मोतीबिंदू असेल तर काढा, आणि झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना पडल्याचं सांगून विचारा. पडण्यामागं या दोन गोष्टी फार वेळा निघतात.

शहापूरची_लेक
@फिजिओ_टिळकवाडी किती छान समजावलंत. रात्रीची गोळी चालू आहे खरंच, उद्याच विचारते.
@येळ्ळूरकर दादा, गावात मावसभाऊ आहे वडगावला. येतो-जातो, पण त्याचा विणकामाचा माग सांभाळून.

सुभेदार_हिंडलगा
मी स्वतः ७४ वर्षांचा, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर. तुम्ही पोरं सगळी मिळून आईचं काय करायचं ते ठरवालाय, चांगलं आहे, काळजी आहे म्हणूनच लिहिताय. पण एक सांगतो. आमच्यासारख्याला जागा बदलायची भीती नसते, सगळ्या नोकरीत बदल्याच केल्या. भीती असते ती न विचारता उचलून नेण्याची.

ती "हलवू नका" म्हणते तर का म्हणते ते बसून विचारा. घर सोडायचं नाही का? देव कोण पूजणार ही चिंता आहे का? की एकदा नेलं की परत आणणार नाहीत असं वाटतंय? तिन्ही प्रश्नांचं उत्तर वेगळं आहे. माझ्या मित्राला मुलानं आश्रम दाखवायला नेलं, आधी नुसतं जेवायला, मग आठवडाभर राहायला, घराची किल्ली त्याच्याच खिशात. आठवड्यानंतर तो म्हणाला अजून थोडे दिवस राहतो. जबरदस्तीनं नेलं असतं तर पहिल्या दिवशी भिंत चढून आला असता.

कंग्राळीची_सुनबाई
काका, किल्ली खिशात ही गोष्ट फार आवडली. +१

गणपत_गल्ली
आश्रमात आपला कुंदा, बेळगावची दुधाची मिठाई, मिळतो का ते विचारून घ्या आधी. आमचे आजोबा त्यावरच अडून बसले होते :)

माहेर_खानापूर
शुगरवाल्यांना कुंदा?? आमच्या सासूबाईंनी देवघरात गणपतीच्या मागं लपवून ठेवला होता. नैवेद्य आहे म्हणाल्या.

बेंगळूरकर_मराठी
धागाकर्तीच्या भावाची बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे, मी मांडतो, कारण मी त्याच जागी आहे.

रात्री दोन वाजता शेजाऱ्यांचा फोन येतो "आई पडली", आणि तुम्ही पाचशे किलोमीटरवर. त्या रात्रीनंतर माणूस म्हणतो, काहीही करा पण जिथं बेल दाबली की कुणीतरी येतं तिथं ठेवा. यात मोह नाही, धास्ती आहे. सिनियर लिव्हिंगची कल्पना मला चांगली वाटते. पुण्यात अथश्रीसारखे प्रकल्प बरीच वर्षं चालू आहेत, स्वतःचा फ्लॅट, सोबतीला समवयस्क लोक, डॉक्टरची सोय. आई-बाबा दोघं असतील आणि हिंडतेफिरते असतील तर उत्तम. प्रश्न पुढं येतो. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी माणूस स्वतःचं स्वतः करू शकतो हे गृहीत असतं. अंथरुणाला खिळल्यावर काय, हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचा आणि उत्तर करारात लिहून घ्यायचं. तोंडी "बघू की, करू काहीतरी" म्हणाले तर सोय नाही असं समजायचं.

शहापूरचं जुनं घर विकून येणाऱ्या पैशात पुण्याचा तसा फ्लॅट बसेल का, हा हिशेब मात्र मांडायलाच पाहिजे, आणि फ्लॅट घेतल्यावर महिन्याचा मेंटेनन्स, जेवण, मदतनीस हे सगळं वेगळं असतं.

वकील_निपाणी
घर विकायच्या गोष्टीवर मी लिहितो. थोडं लांबेल.

आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढा आणि नाव कुणाचं ते बघा. घर वडिलांच्या स्वकष्टाचं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं आई, मुलगा आणि मुलगी समान हिश्शाचे वारस. म्हणजे भाऊ एकटा विकू शकत नाही, आणि आईचा हिस्सा हा आईचाच पैसा. तो तिच्याच खात्यात गेला पाहिजे. वडिलोपार्जित असेल तर हिशेब बदलतो, तो कागद बघूनच सांगता येतो.

दुसरं, "सेवा करतो, घर माझ्या नावावर कर" हे आपल्या भागात सर्रास चालतं. आईनं बक्षीसपत्र करूच नये असं मी सांगतो, मृत्युपत्र करावं. मृत्युपत्र तिच्या पश्चात लागू होतं आणि हयातीत कधीही बदलता येतं, बक्षीसपत्र झालं की घर गेलं. करायचंच असेल तर "तहहयात सांभाळ करीन, अन्न, निवारा, औषधपाणी देईन" ही अट त्यातच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, त्यानुसार अट मोडली तर ट्रिब्युनल ते हस्तांतरण रद्द करू शकतं. सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या निकालात अशी अट असणं आवश्यक धरलं, जानेवारी २०२५ च्या निकालात जरा उदार भूमिका घेतली, पण आपण कागद मुळातच पक्का करावा, निकालांच्या भरवशावर राहू नये.

ट्रिब्युनल म्हणजे प्रांतांचं ऑफिस, असिस्टंट कमिशनर. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल, चिकोडी असे तीन उपविभाग. मुलं पुण्यात असोत की बेंगळूरला, आई जिथं राहते तिथं अर्ज करता येतो, तिला महाराष्ट्रात हेलपाटे घालावे लागत नाहीत. पोटगीचा अर्ज नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाली काढायचा असतो, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. मूळ कायद्यात पोटगीची मर्यादा महिना १०,००० आहे. आणि "मुलं" यात मुलीही येतात, नातवंडंही, सज्ञान असतील तर. ज्यांना मूलबाळ नाही त्यांच्यासाठी, ज्याला त्यांची इस्टेट मिळणार तो नातेवाईक जबाबदार.

सगळ्यात महत्त्वाचं आपल्या भागासाठी: नोंदणीचा कागद कन्नडमध्ये असणार. आईला ती लिपी वाचता येत नसेल तर सहीच्या आधी शब्द न् शब्द मराठीतून वाचून दाखवा, आणि वाचून दाखवणारा माणूस हिस्सेदार नसावा. "मृत्युपत्रच आहे" असं सांगून भलत्याच कागदावर अंगठा घेतलेली प्रकरणं मी हाताळली आहेत. ऐंशी वर्षांच्या बाईला तहसीलच्या पायरीवर रडताना बघवत नाही.

निपाणीचा_पोर
वकीलसाहेब, हे तर वेगळ्या धाग्यात ठळक करून ठेवायला पाहिजे.

बैलहोंगलची_मीनाक्षी
कागदावरून भाषेचा विषय निघाला म्हणून. मी घरात कन्नड बोलणारी, शिक्षण मराठी शाळेत. भाषेवरून आश्रम निवडणार असाल तर जरा सांभाळून. आमच्या अव्वाला शेवटची चार वर्षं सांभाळलं ते उचगावच्या एका मराठी मावशींनी, दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच यायची. अव्वा "बा इल्ली" म्हणायची, मावशी "आले आले" म्हणत धावायच्या. हात चांगला पाहिजे.

शिक्षिका_वडगाव
@मीनाक्षी, तुझं खरं आहे, आणि तरीही भाषा बघावीच असं मला वाटतं. माझे वडील हेडमास्तर, कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही अस्खलित. डिमेन्शिया वाढला तशा नंतर शिकलेल्या भाषा एकेक करून गेल्या, शेवटी नुसती मराठी राहिली, ती पण लहानपणीची गावाकडची. ज्या ठिकाणी ठेवलं होतं तिथली रात्रपाळीची मुलं उत्तर कर्नाटकातल्या खेड्यांतली, स्वभावानं फार गोड, पण वडील "मुताक जायचंय" म्हणायचे आणि त्यांना कळायचं नाही. मग कपडे ओले, मग वडिलांची चिडचिड, मग "आजोबा त्रास देतात" असा फोन. त्यांनी त्रास दिलेला नव्हता, ते सांगत होते.

आम्ही पंधरा-वीस शब्द लिहून दिले. पाणी, दुखतंय, मुतायला, थंडी, भूक, भीती वाटतेय. पलंगाच्या डोक्याशी चिकटवले, समोर कन्नड अर्थ. त्या पोरांनी आठवड्यात पाठ केले. म्हणून म्हणते, भाषा येत नाही म्हणून जागा नाकारू नका, पण शिकायची तयारी आहे का ते बघा.

आणि ज्यांच्या घरात विसरायला सुरुवात झालीय त्यांनी बँकेचे, सहीचे व्यवहार लवकर मार्गी लावा. मुखत्यारपत्र आहे ना, मग काय, असं बरेच जण म्हणतात. माणूस भ्रमिष्ट झाला की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं संपतं. वकीलसाहेब, बरोबर ना?

वकील_निपाणी
एकदम बरोबर. ज्याला स्वतःला करार करता येत नाही त्याच्या वतीनं एजंटलाही करता येत नाही. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं. जॉइंट खातं आणि नॉमिनेशन हे शुद्धीत असतानाच.

बैलहोंगलची_मीनाक्षी
@शिक्षिका_वडगाव शब्द चिकटवायची कल्पना घेते. मामांच्या घरी उपयोगी येईल.

गडहिंग्लजवाला
बेळगावच्या लोकांनी आमच्याकडं गडहिंग्लज, कोल्हापूर बाजूला पण बघायला हरकत नाही. सगळं मराठीच.

अनगोळ_नाका
अंतर जास्त नाही, पण सीमा ओलांडली की आईचे कागद इकडंच राहतात ना. सरकारी योजनांतले, गृहलक्ष्मीचे महिना २००० किंवा संध्या सुरक्षाचे १२०० येत असतील तर ते कर्नाटकच्या पत्त्यावर. रेशन कार्ड पण. छोट्या रकमा आहेत, पण म्हातारीच्या हातात स्वतःचे पैसे असले की तिचा आवाज वेगळा असतो. नातवाला दहा रुपये देताना बघा एकदा.

गणपत_गल्ली
बसचं पण बघा. इकडं बायकांना आपल्या राज्याच्या साध्या बसमध्ये फुकट, तिकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीच्या पुढं सगळ्यांना फुकट. आमची आत्या हिशेब घालून कुठली गाडी धरायची ते सांगते, कंडक्टर तिला विचारतात :)

आक्का_रामलिंगखिंड
आश्रम बघताना काय बघायचं हा प्रश्न मागंच राहिला, म्हणून लिहिते. माझी मावशी अविवाहित, नर्स होती, स्वतःहून आश्रमात राहायला गेली. जायच्या आधी आम्ही दोघींनी जिल्ह्यात आणि कोल्हापूर बाजूला बऱ्याच जागा बघितल्या. बामणवाडीचं शांताई बेळगावकरांना माहीतच आहे, त्याशिवाय लहान-मोठ्या खूप आहेत.

मावशी ऑफिसात बसायचीच नाही. सरळ अंथरुणावरच्या लोकांच्या खोलीत जायची. हिंडत्याफिरत्यांना कुणीही नीट ठेवतं, म्हणायची, खिळलेल्यांच्या टाचा आणि माकडहाड बघ. तिथं जखमा असतील तर दर दोन तासांनी कूस बदलली जात नाही. एअर बेड आहे, पण करंट गेल्यावर इन्व्हर्टर आहे का? नखं कापलेली आहेत का, चष्मा ज्याचा त्याच्या नाकावर आहे का, कवळी धुतलेली आहे का. वास तर दारातच कळतो. पाणी मागितलं तर किती वेळात येतं, हे ती तिथंच बसून बघायची.

आणि रात्री आठनंतर जायची. दिवसा सगळीकडं माणसं असतात. रात्री किती जणांमागं एक माणूस, त्याच्याकडं गाडी आहे का, हॉस्पिटलला कोण घेऊन जातं, तिथं सोबत कोण थांबतं, हे विचारायचं. "नातेवाइकांनीच यायचं" असं बऱ्याच ठिकाणी असतं. मग पुण्याची मुलगी सात तासांनी पोचेपर्यंत काय? केएलई हॉस्पिटल असो की सिव्हिल, आश्रमापासून किती मिनिटं, तेही बघा.

पैशांचं. डिपॉझिट परत मिळणार का, किती दिवसांत, माणूस गेल्यावर कुणाला, दरवर्षी फी किती वाढते, डायपर-औषधं-फिजिओ यात की वेगळं. देणगी म्हणून घेतलेली रक्कम परत येत नाही, डिपॉझिट येतं, पावतीवर काय लिहिलंय ते वाचा. भेटायला ठरावीक वेळच असेल आणि आधी फोन करूनच या असं सांगत असतील तर मावशी उठून चालायला लागायची. तिनं निवडलेली जागा दिसायला साधी आहे, पत्र्याची शेड होती तेव्हा. पण तिथला एक मुलगा सगळ्यांना नावानं हाक मारत होता, "ओ आजी" नाही. ती म्हणाली इथंच.

कंग्राळीची_सुनबाई
टाचा आणि माकडहाड... हे कधी डोक्यातच आलं नसतं. आक्का, धन्यवाद.

फिजिओ_टिळकवाडी
आक्कांच्या मावशींना माझा नमस्कार सांगा. हे आम्हाला कॉलेजात पण इतकं चांगलं कुणी शिकवलं नाही.

पोस्टातला_माणूस
खर्चाचा हिशेब कुणी घातला नाही म्हणून. घर न विकता आईच्या नावावर काही रक्कम असेल तर सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम बघा. सध्या ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी, मुदत ५ वर्षं, एकाच्या नावावर जास्तीत जास्त ३० लाख. १५ लाख ठेवले तर महिन्याला साधारण १०,२५० पडतात, ३० लाखांना २०,५००. त्यात रात्रीच्या बाईचा पगार बऱ्यापैकी निघावा.

रिव्हर्स मॉर्गेज पण आहे, २००७ पासून. घर आईच्या नावावर, त्यातच राहायचं आणि बँक हप्त्यानं पैसे देते, ती हयात असेपर्यंत घराबाहेर काढत नाही, पश्चात वारसांनी कर्ज फेडायचं किंवा घर विकून बँकेनं वसूल करायचं. पण टायटल एकदम स्वच्छ लागतं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आजोबांच्या नावावरून पुढं वारसाच लागलेली नसते, तिथं बँक हातच लावत नाही.

सुभेदार_हिंडलगा
वारसा लावून घ्या, मग पुढचं. आणि घरात कुणी फौजी पेन्शनर असेल, किंवा त्याची विधवा, तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, विसरू नका. बेळगावात पॉलिक्लिनिक आहे.

माहेर_खानापूर
"लेकीकडं नको" यावर कुणी बोललंच नाही. मला हे वाक्य फार लागतं. आमच्या आईनं पण हेच धरलं होतं, माझ्या घरी आली की पाहुण्यासारखी पलंगाच्या कडेला बसायची. हिश्शाला मुलगी चालते, कायद्यानं जबाबदारीला पण चालते, मग राहायला का नाही? शेवटी माझ्या नवऱ्यानंच तिच्याशी बोलून घेतलं. "तुम्ही माझ्याकडं आलाय, हिच्याकडं नाही" म्हणाला. त्यानंतर पाय वर घेऊन बसायला लागली. ताई, तुमच्या मिस्टरांना फोन करायला सांगा, तुम्ही बोलून उपयोग नाही. राहायला नाही आली तरी पावसाळ्याचे दोन महिने तरी येईल.

बेंगळूरकर_मराठी
हे खरंच करून बघण्यासारखं आहे.

शहापूरची_लेक
मंडळी, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मधले काही दिवस बेळगावात होते म्हणून उत्तर देता आलं नाही.

सुभेदारकाकांनी सांगितलं तसं आईला विचारलं, भाऊ पण व्हिडिओ कॉलवर होता. तिला घराचं फार काही नाही निघालं. तिला भीती आहे ती घर एकदा विकलं की आश्रमात भांडण झालं, जमलं नाही, तर परत जायला जागा उरणार नाही याची. भाऊ गप्प झाला. मग तोच म्हणाला, आई असेपर्यंत घराला हात लावायचा नाही.

तर सध्या असं ठरलंय: माजघराला लागून न्हाणी आणि कमोड होतंय, गवंडी आलाय. रात्रीला एक बाई, मच्छे गावची, सकाळी अंघोळ घालून जाणार. पगार भाऊ आणि मी निम्मा-निम्मा. मावसभाऊ दिवसाआड डोकावणार. झोपेची गोळी डॉक्टरांनी निम्मी केली. आमच्या यांनी आईला फोन केला, काय बोलले सांगत नाहीत, पण आषाढात पुण्याला यायला हो म्हणालीय. आणि दिवाळीनंतर आक्कांच्या पद्धतीनं दोन-तीन आश्रम बघून ठेवणार आहोत, आईला घेऊनच. पुढं कधी लागलं तर घाईत शोधायला नको. उताऱ्यावर अजून बाबांचंच नाव आहे, वकीलसाहेब, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

वकील_निपाणी
मिळाला. मृत्यूचा दाखला, तिघांची आधार कार्डं आणि वंशावळ तयार ठेवा. वंशावळ तलाठ्याकडून लागेल, तिथं वेळ जातो, ते आधी सुरू करा.

येळ्ळूरकर
मच्छेची म्हणजे शेवटची बस चुकली तर अडचण, ताई. तिला संध्याकाळी सातच्या आत पोचायला सांगा आणि रात्रीचं जेवण तुमच्याकडंच ठेवा. जेवण असलं की माणूस टिकतं.

फिजिओ_टिळकवाडी
गवंडी आलाच आहे तर कमोडची उंची आधी आईला खुर्चीवर बसवून मोजा, गुडघ्यापेक्षा खाली नको. आणि दार बाहेर उघडणारं करा. आत पडल्या तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

शहापूरची_लेक
दार आतच उघडणारं आणलंय सुताराने. आत्ता फोन करते त्याला.

अनगोळ_नाका
@सुभेदार_हिंडलगा काका, माझे मोठे भाऊ आर्मीत आहेत, आई त्यांच्यावर अवलंबून म्हणून ईसीएचएसमध्ये येईल का? तिला स्वतःची पेन्शन नाही.

सुभेदार_हिंडलगा
तो सर्व्हिसमध्ये आहे तोवर तिचं मिलिटरी हॉस्पिटलला होतं, त्याच्या रेकॉर्डला आईचं नाव आश्रित म्हणून चढलंय का ते आधी बघायला सांग. ईसीएचएस रिटायर झाल्यावर. तेव्हा आई-वडील येतात, पण उत्पन्नाची मर्यादा आहे, दोघांचं मिळून महिना ९,००० अधिक महागाई भत्ता. शेतीचं उत्पन्न पण धरतात. कागद घेऊन रविवारी सकाळी घरी ये, बघू. गणपती मंदिराच्या मागची गल्ली, कुणालाही विचार.